आत दोन माणसं आहेत

१

भर थंडीत खाडीच्या पाण्यात उतरणाऱ्या लोकांचं आमच्या गावात एक मंडळ आहे आणि मी त्याचा सभासद आहे. पाण्याला बर्फाची साय धरलेली असली तरी आम्ही लाकडी धक्क्याच्या टोकाला जातो, कपडे काढतो, शिडीने पाण्यात उतरतो आणि दोनचार श्वासांत ओरडत वर येतो. धक्क्यावरच आमचं लाकडी न्हाणघर आहे. बाहेरच्या खोलीत कपडे बदलायचे, आतल्या खोलीत सौना. पायऱ्यांसारखी एकावर एक बाकं, कोपऱ्यात तापलेल्या दगडांची शेगडी. दगडांवर पळीभर पाणी ओतलं की वाफ अशी अंगावर येते की समोरचा माणूस दिसेनासा होतो. ज्याने हे कधी केलं नाही त्याला ते खुळेपणाचं वाटतं. ज्याने केलं त्याला घरी बसवणं अवघड जातं.

मंडळाचा एकच नियम कडक आहे. एकट्याने पाण्यात जायचं नाही. गार पाण्याने छाती आवळते, बोटं वळत नाहीत, आणि पोहण्यात मुरलेला माणूससुद्धा शिडीपासून हातभर अंतरावर बुडू शकतो. नियम सगळ्यांना पाठ होता, पाळत कोणीच नव्हतं. म्हणून आमची अध्यक्षीण सोल्वाय, आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेली आणि शब्दाला पक्की, एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली की हा नियम आता कुलपालाच शिकव.

मी वेबसाइट बनवतो. दातांचे डॉक्टर, सायकली दुरुस्त करणारे, चर्चची गायनमंडळी असली माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या मानाने हे काम सोपं होतं. सभासदाने फोनवर मंडळाचं पान उघडायचं, नाव आणि पासवर्ड भरायचा. ते जातं माझ्या सर्व्हरवर. तिथे मी पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेला कोड नाव शोधतो, पासवर्ड ताडून बघतो आणि जुळला तर त्या माणसाला एक न दिसणारा बिल्ला देतो. बिल्ला एकाकडेच असेल तर कुलूप उघडत नाही. दुसऱ्याचंही लॉगिन झालं की कुलूप खट्कन सुटतं आणि पानावर अक्षरं येतात: आत दोन माणसं आहेत. निघताना आपलं नाव काढायला कपड्यांच्या खोलीत भिंतीवर तेच पान उघडणारा एक टॅबलेट लावला होता. कोणी विसरलाच, तर काही वेळाने सर्व्हर आपणहून बिल्ला काढून घेत असे.

पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी कुत्र्याला घेऊन खाडीकाठी फिरत होतो. टोर्किल सायकल लावून धक्क्यावरून चालत जाताना दिसला. टोर्किल फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा, आता निवृत्त. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, दुसरी सायकलही नव्हती. त्याने फोनवर काहीतरी केलं, दार उघडलं, तो आत गेला.

मला वाटलं, आधीच कोणीतरी असेल. मी फोनवर पान उघडलं. आत दोन माणसं आहेत.

मी रेंगाळलो. कुत्रं कंटाळून ओढ घेऊ लागलं. टोर्किल पाण्यात उतरला, वर आला, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने केस पुसत बाहेर पडून सायकलवरून निघून गेला. त्याच्यामागून कोणी आलं नाही. मी पुन्हा पान उघडलं.

आत एक माणूस आहे.

२

घरी येऊन मी कोड उघडला. माझ्या धंद्यात भुताखेतांना जागा नसते. काही विचित्र घडलं तर ते आपणच लिहून ठेवलेलं असतं, एवढं मी शिकलो आहे. आणि चूक सापडलीही. दुसरं लॉगिन ज्या नावाने झालं होतं ते नाव कोरं होतं. पासवर्डही कोरा. नावाची चौकट रिकामी, पासवर्डची चौकट रिकामी आणि खालचं बटण दाबलेलं. माझा कोड भाबडेपणाने त्या कोऱ्या नावाचा सभासद शोधायला गेला, कोणीच सापडलं नाही, मग त्या 'कोणीच नाही'चा पासवर्ड भरलेल्या पासवर्डशी ताडून बघितला. काहीच नाही आणि काहीच नाही, दोन्ही सारखे. बिल्ला देऊन टाकला.

नवशिक्याची चूक होती. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

एकच गोष्ट खटकली. ते कोरं पान आलं होतं न्हाणघरातल्या टॅबलेटवरून. म्हणजे बंद दाराच्या आतून.

त्याचंही उत्तर मी शोधलं. खोलीत दमटपणा असतो, टॅबलेटच्या काचेवर पाणी साचतं, थेंब ओघळतो, आणि असल्या काचांना थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. मी सोल्वायला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की म्हणजे इतके दिवस लोक एकटे पाण्यात जात होते का. मी हो म्हणालो. ती म्हणाली, ते आज बंद झालं पाहिजे.

ते मी त्याच दिवशी बंद केलं. कोरं नाव आलं की परत पाठवायचं. नाव सापडलं नाही तर तिथेच थांबायचं, पुढे ताडून बघायचंच नाही. दोन बिल्ले दोन वेगळ्या सभासदांचे असले तरच कुलूप सोडायचं. शिवाय परत पाठवलेलं प्रत्येक लॉगिन टिपून ठेवायचं, म्हणजे पुन्हा थेंब पडले तर मला कळेल. सगळं नीट तपासून मी मेरेटला, माझ्या बायकोला, हाक मारून सांगितलं की झालं काम. ती म्हणाली, मग आता जेवायला ये.

३

टोर्किलला बोलणं मला भाग होतं. पुढच्या शनिवारी बोडिलच्या बेकरीत तो खिडकीजवळ कॉफी घेत बसला होता. मी दालचिनीचा रोल घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो की माझ्या चुकीमुळे तुला दार उघडत होतं हे मान्य, पण आत कोणी नाही हे बघून तू परत फिरायला हवं होतंस.

"कोणी नाही कसं?" तो म्हणाला. "असतो की एकजण."

"कोण?"

"वरच्या बाकावर बसतो. नवा सभासद असेल. फार बोलत नाही, पण सोबत बरी आहे."

"दिसायला कसा आहे?"

टोर्किलने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अश्लील बोललो. "आस्गर, सौनात कोण कोणाकडे बघतं?"

त्याचं बरोबर होतं. तिथे सगळे उघडेच असतात. आत शिरलं की मान खाली घालून 'हाय' म्हणायचं, जागा बघून बसायचं आणि डोळे दगडांवर किंवा खिडकीवर ठेवायचे. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत आहे ती. शेजारी कोण बसलंय हे आवाजावरून, खोकण्यावरून, फार तर पायांवरून कळतं.

काउंटरमागून बोडिल सगळं ऐकत होती. तीही सभासद. ती म्हणाली, मी सकाळी लवकर जाते तेव्हा ती बाई असते ना, तिच्याबद्दल बोलताय का? मी विचारलं, कोण बाई. ती म्हणाली, मला वाटलं सोल्वायची पाहुणी असेल, वरच्या बाकावर मांडी घालून बसते. टोर्किल हसला. म्हणाला, बाईमाणूस नाही ते, माझ्यासारखा म्हातारा आहे, श्वास ऐक त्याचा. मग दोघांची त्यावरून जुंपली आणि गोष्ट थट्टेवारी गेली.

मी हसलो नाही. संध्याकाळी सोल्वायला पुन्हा फोन केला आणि वरच्या बाकावर कोणी अनोळखी बसलेलं तिला कधी जाणवलं का, असं शक्य तितक्या सहज विचारलं.

"अनोळखी कसला? तूच असतोस ना तो," ती म्हणाली. "सोमवारी नसतोस का तू?"

सोमवारी मी कधीच जात नाही.

४

सर्व्हरने परत पाठवलेली लॉगिनं मी रोज सकाळी बघू लागलो. पहिले काही दिवस नुसती कोरी पानं होती, टॅबलेटवरून आलेली. थेंब, मी मनाशी म्हटलं. मग एक दिवस नावाच्या चौकटीत एक अक्षर होतं. नंतर अक्षरांची रांग, अर्थ नसलेली, मांजर कळफलकावरून चालत गेल्यासारखी. तेही मला चाललं. थेंब कळफलकावर पडला तर अक्षरं उमटणारच.

मग एका सकाळी त्यात 'टो' होतं. खाली पुन्हा 'टो'. त्याच्या खाली 'टोर्कि'.

मी मेरेटला दाखवलं. ती म्हणाली, टोर्किलच विसरला असेल पासवर्ड. मी म्हणालो, पण दार बंद असताना, आतून? ती म्हणाली, तुझं ते यंत्र चुकीची वेळ सांगत असेल. तिचं म्हणणं अशक्य नव्हतं. मी घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

त्याच दुपारी सोल्वायकडून साधी किल्ली घेऊन मी न्हाणघरात गेलो. लख्ख ऊन होतं, खाडीवर पाणकावळे बसले होते, भीती वाटावी असं काही नव्हतं. कपड्यांच्या खोलीत ओलं लाकूड आणि साबण यांचा नेहमीचा वास. टॅबलेट भिंतीवर. मी जवळ जाऊन काचेला बोट लावलं. ती कोरडी होती. आमच्याकडच्या फेब्रुवारीत, शेगडी बंद असताना, ती खोली ओली नसतेच. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेगडी बंद होती तरी सौनाचं लाकूड करकरत होतं. तापलेलं लाकूड निवताना आवाज करतं, ते मी कितीदा ऐकलंय. मी उभा राहून ऐकत राहिलो. करकर खालच्या बाकावरून आली, थोड्या वेळाने मधल्या, मग वरच्या. जशी एखादी जड व्यक्ती दमादमाने चढून आपल्या जागी बसते.

सौनाच्या दाराला काच आहे. तिच्यातून बघायला मला तीन पावलं टाकावी लागली असती. मी ती टाकली नाहीत. मी स्वतःला सांगितलं की बघण्यासारखं काही नाही, आणि जे नाही ते बघायला कशाला जायचं. टॅबलेट भिंतीवरून काढला, कोटाखाली घेतला आणि दार ओढून बाहेर आलो. अर्ध्या धक्क्यावर आल्यावर लक्षात आलं की मी जवळजवळ पळत होतो.

टॅबलेट घरी आणून, बंद करून खणात ठेवला. तसली लॉगिनं यायची थांबली. काही दिवस मी नीट झोपलो.

५

मार्च लागला होता. दुकानातून दूध घेऊन निघताना टोर्किल दारात भेटला. खुशीत होता. हवेबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला आणि जाताजाता म्हणाला, "काल मात्र तू फारच गप्प होतास."

मी विचारलं, कधी. तो म्हणाला, काल दुपारी, सौनात. तू आधीच जाऊन बसला होतास, म्हणून तर दार उघडलं. मी म्हणालो की मी काल तिकडे गेलोच नव्हतो. तो हसला, माझ्या दंडावर थाप मारली आणि म्हणाला की माझ्या वयाचा झालास की बघ काय होतं ते.

घरी येऊन मी सर्व्हर बघितला. काल दुपारी माझ्या नावाने लॉगिन झालं होतं. पासवर्ड बरोबर, पहिल्याच खेपेला. न्हाणघराच्या इंटरनेटवरून. टॅबलेट माझ्या खणात होता, मी दोनदा उघडून बघितलं.

हे कसं शक्य नाही ते सांगतो. पासवर्ड सर्व्हरवर ठेवलेलाच नसतो. भरलेल्या शब्दाचा माझा कोड चुरा करतो आणि फक्त तो चुरा साठवतो. त्या चुऱ्यातून मूळ शब्द परत जुळवता येत नाही, मलाही नाही. माझा पासवर्ड मी कोणाला सांगितला नव्हता, कुठे लिहिला नव्हता. तो एकाच ठिकाणी होता, माझ्या डोक्यात. म्हणजे तो टाकणारा मीच असणार. कोडच्या बाजूने विचार केला तर दुसरं उत्तर नाही.

मी मेरेटला विचारलं, काल दुपारी मी कुठे होतो. ती म्हणाली, कुत्र्याला घेऊन गेला होतास ना, बराच वेळ. मला आठवत होतं, मी गिरणीच्या रस्त्याने गेलो होतो. आठवत होतं, म्हणजे निदान तसं चित्र डोळ्यांसमोर होतं. रस्ता, कुंपण, कुत्रं. पण ते काल होतं की परवा? मी घरच्या बाथरूममध्ये जाऊन माझा पोहायचा टॉवेल चाचपला. कोरडा होता. पण घरात ऊब असते, रात्रभरात टॉवेल सुकतोच. मी कितीतरी वेळ तो हातात धरून उभा होतो. मेरेटने दारात येऊन विचारलं, काय झालं रे, तेव्हा मी तो परत खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी मी सोल्वायला सांगितलं की लॉगिनचं पान मी कायमचं बंद करतोय. कारण म्हणून सांगितलं की ते सुरक्षित नाही, आणि हे खोटंही नव्हतं. ती म्हणाली की मग हिवाळा संपेपर्यंत न्हाणघरालाच कुलूप राहील, किल्ली तिच्याकडे. टोर्किलला कळलं तेव्हा तो माझ्या घरी आला. कोट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. दुपारची ती एक वेळ सोडली तर दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही, असं त्याने सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, सहज. मग म्हणाला, शेवटचं एकदा तरी चल माझ्याबरोबर. नियमाप्रमाणे, दोघं.

मी हो म्हणालो. सोल्वायने किल्ली दिली. या वेळी कोणाला कुठे नाव भरायचं नव्हतं.

६

ढगाळ दुपार होती, खाडी शिशासारखी. आम्ही शेगडी पेटवली आणि आधी दोघं मिळून पाण्यात उतरून आलो. टोर्किल ओरडला, मी शिव्या दिल्या, सगळं नेहमीसारखं. मग सौनात येऊन बसलो. मी खालच्या बाकावर, शेगडीसमोर. तो वर, माझ्या मागे. त्याने दगडांवर पाणी ओतलं. खोली वाफेने भरली. माझ्याही नकळत मी कान देऊन श्वास मोजत होतो. एक माझा, एक त्याचा. त्यापलीकडे काही नव्हतं. मला वाटलं, संपलं हे.

थोड्या वेळाने टोर्किल उतरला आणि म्हणाला, अजून एक बुडी मारतो. मी म्हणालो, थांब, मीही येतो. तो म्हणाला, ये सावकाश. दार उघडलं, गार वाऱ्याची चपराक बसली, दार लागलं. मी उठून चपला शोधत होतो, तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. ओल्या पावलांचा आवाज माझ्या बाजूने गेला, बाकं करकरली आणि तो वर जाऊन बसला.

"एवढ्यात विचार बदलला?" मी म्हणालो.

"हं."

मी पुन्हा बसलो. डोळे दगडांवर. दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली. मला वाटलं, बोलायची हीच वेळ आहे. मी म्हणालो की पान बंद केलं याचा राग धरू नकोस. दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येत जा, मेरेटलाही बरं वाटेल. तुला एकट्याला सोडायचा माझा हेतू नव्हता. मागून काही उत्तर आलं नाही, पण कोणीतरी मन लावून ऐकतंय असं वाटत होतं. मी बोलत राहिलो. बोलणं इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. माझ्या आईबद्दल बोललो, तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल, जे मेरेटलाही सांगितलेलं नाही. किती वेळ बोलत होतो ते मला खरंच सांगता येणार नाही.

मग तोंड पुसायला मान वळवली आणि डोळे खिडकीवर गेले. काचेवर वाफ साचली होती. मी तळव्याने ती पुसली. बाहेर धक्क्याच्या टोकाला टोर्किलच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. त्याचा टॉवेल कठड्यावर होता. आणि शिडीच्या वरच्या दांडीला चिकटलेला एक हात होता, पांढरा, न हलणारा.

माझ्या मागे वरचं बाक करकरलं. कोणी नीट दिसावं म्हणून पुढे झुकावं तसं.

मी मागे बघितलं नाही. दार कसं उघडलं, धक्क्यावर कसा पोहोचलो, ते आठवत नाही. टोर्किल गळ्याइतक्या पाण्यात होता, ओठ निळे, डोळे अर्धवट उघडे. एक हात दांडीवर घट्ट मिटलेला होता. दुसरा बाजूला पाण्यात पसरलेला, कोपरात वाकवून, चालताना सोबत्याच्या हातात हात अडकवतात तसा. त्याला वर ओढताना तो हात मला जोर लावून सोडवावा लागला. कशापासून, ते मला माहीत नाही. पाण्यात काही नव्हतं.

तो श्वास घेत होता. मी त्याला फळ्यांवर निजवलं आणि फोन आणि पांघरुणं आणायला कपड्यांच्या खोलीत धावलो. फोन लावत असताना माझी पाठ सौनाच्या दाराकडे होती. पलीकडून रुग्णवाहिकेची बाई पत्ता विचारत होती, मी सांगत होतो. मग पांघरूण ओढायला वळलो, आणि त्या काचेत बघावंच लागलं.

तो वरच्या बाकावर नव्हता. काचेला लागून उभा होता. वाफेमुळे खांदे आणि चेहरा एवढंच दिसत होतं. म्हातारा नव्हता, बाई नव्हती, मीही नव्हतो. चेहरा होता, पण अजून कोणाचा ते ठरलेलं नव्हतं. आणि मी बघत असताना तो ठरत चालला होता. माझ्या आईच्या जिवणीसारखी जिवणी त्यात आली. नुकतंच ज्याचं बोलणं ऐकलंय त्याच्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत होता, आपुलकीने.

फोनमधली बाई विचारत होती, तुमच्याबरोबर आणखी कोणी आहे का.

मी नाही म्हणालो.

७

टोर्किल वाचला. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर आशा नव्हती. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत ऊन येत होतं, बोडिलने पाठवलेली फुलं होती. मी खुर्ची ओढून बसलो.

आधी तोच बोलला. म्हणाला की पाण्यात एकदम छाती धरली आणि बोटं वळेनात, पण भीती नाही वाटली, कारण तू शेजारीच होतास. हातात हात अडकवून उभा होतास. मी ऐकत राहिलो. नाही म्हणायला हवं होतं. पण 'तिथे मी नव्हतो' असं म्हटलं असतं, तर मग कोण होतं, हे दोघांनाही विचारावं लागलं असतं. आणि मी कुठे होतो, तेही सांगावं लागलं असतं. तो पाण्यात होता तेव्हा मी उबेत बसून आईच्या गोष्टी सांगत होतो.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तेव्हा मला म्हणालास ते मनापासून म्हणालास का?"

"काय म्हणालो मी?"

तो छताकडे बघत आठवत होता. शब्द नेमके सांगायची त्याची धडपड दिसत होती.

"म्हणालास, वर जायची घाई करू नकोस, वर तुझं कोण आहे."

बाहेरून कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली. ती लांब गेल्यावर मी पुढे सरकलो. मग त्याचा हात हातात घेतला. तो अजूनही गार होता.

"मीच म्हणालो," मी म्हणालो. "पण ते खरं नाही. मी आहे. मेरेट आहे. गुरुवारी तू आमच्याकडे येतो आहेस."

टोर्किलने मान हलवली, समजूतदारपणे, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. मग कूस बदलून खिडकीकडे तोंड केलं. तिथून खाडी दिसते.

"येईन," तो म्हणाला. "पण तेव्हा तुझा आवाज किती छान लागला होता."